पागेतली काळी फरशी

सरदार हैबतरावांनी पागेत गुळगुळीत काळी फरशी बसवली आणि तिची शोभा झाकू नये म्हणून गवत अंथरायला बंदी केली. तेव्हापासून नऊ दिवस हरणी घोडी त्या टणक, निसरड्या दगडावर खाली बसली नव्हती. तिचे गुडघे सुजले होते, चाराही तिने सोडला होता. तिची निगा राखणाऱ्या मोतद्दार कोंडाजीने हात टेकले. त्याची बायको सगुणा रोज देवीला विनवी, पण घोडी काही बसेना.

दसऱ्याला घोड्यांच्या पूजेसाठी सरदार अनवाणी पागेत आले. सगुणेने विनवलं होतं म्हणून गुरुजींनी मंत्र फार सावकाश म्हटले. सरदार या पायावरून त्या पायावर होऊ लागले. शेवटी वैतागून सगुणेला म्हणाले, "अगं, पायाखाली निदान घोंगडी तरी अंथर."

"अंथरते, सरकार," सगुणा हळूच म्हणाली, "पण फरशीची शोभा झाकेल, आपलाच हुकूम मोडेल. हरणी नऊ दिवस उभी आहे. आपल्याला तर अजून घटकाही झाली नाही."

सरदारांनी घोडीच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"गवत आणा."

हातभर गवत पडल्यावर हरणी कण्हत खाली बसली. ती पुन्हा उठेल का, हे कोणालाच सांगता येईना. सगुणेने तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिथेच गवतात तिच्याजवळ बसून राहिली.