थंड काटा

माणसावर विश्वास ठेवावा की काट्यावर, सांगा बरं? दूधसंघाचे अध्यक्ष भाऊसाहेब ऐनापुरे काट्यावर ठेवत. त्यांची गाडी भलतंच पेट्रोल पिऊ लागली, तेव्हा इंजिनाचा काटा थंड, म्हणजे गाडी ठणठणीत आणि ड्रायव्हर चोर, असं ठरवून त्यांनी निवृत्तीला हाकललं. निवृत्तीनं विष घेऊन जीव दिला. आता तोच आळ नव्या ड्रायव्हरवर, दगडूवर आला होता आणि फौजदारानं त्याचं मनगट धरलं होतं.

गाडी नुकतीच घाट चढून आली होती. दगडूची बायको शेवंता तिच्यापाशी गेली. नवऱ्यानं तिला सांगितलं होतं, पाण्याची उष्णता मोजणारा सेन्सर बिघडला की काटा थंडच राहतो, इंजिन स्वतःला गारच समजतं आणि जास्तीचं पेट्रोल ओढतं.

“भाऊसाहेब, काटा काय म्हणतो?”

“थंड. डोळे आहेत ना तुला?”

“मग रेडिएटरचं झाकण तुमच्या हातानं उघडा.”

भाऊसाहेबांनी हात पुढे केला. झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसली, तसा हात मागे आला.

“काटा खोटा, हे तुमच्या हाताला कळलं,” शेवंता म्हणाली. “आता निवृत्तीच्या आईला सांगायला कोण जातंय?”

फौजदारानं दगडूचं मनगट सोडलं.

मंडळी, हिशोब खरा ठेवा, आणि त्यात निवृत्तीलाही धरा.