हैबती आणि नवे कोरे टायर

घाटमाथ्यावरच्या एका गावात हैबती नावाचा सायकलवाला राहत होता. त्याचं दुकान गावाच्या अगदी टोकाला होतं. दुकानामागूनच डोंगराचा उतार सुरू व्हायचा.

पूर्वी त्या उतारावरून मीठ आणायला बैलांचे तांडे कोकणात उतरत. आता तिथून डोंगरी सायकली उतरत. दसरा झाला, पाऊस उघडला, की दर वर्षी तिथे उतरणीची शर्यत भरे. माथ्यावरून एकेक सायकलस्वार सुटायचा. खालच्या नदीपर्यंत सगळ्यात कमी वेळात जो पोचेल तो पहिला.

वाट मोठी फसवी होती. वरचा भाग कोरडा, मुरमाचा. तिथे कुणीही सुसाट सुटावं. मग धारदार दगडांचा एक पट्टा लागे. आणि तो संपतो न संपतो तोच झाडीत एक काळा कातळ येई. दसरा उलटला तरी त्या कातळावर झऱ्याचं पाणी झिरपत राही. त्यावर शेवाळाचा पातळ थर धरलेला असे. कातळाच्या डाव्या अंगाला दरी होती.

हैबतीला ही वाट तळहातासारखी माहीत होती. तरुणपणी तो तिच्यावरून शेकडो वेळा उतरला होता. टायर कुठला घालावा हे विचारायला लोक लांबून त्याच्याकडे येत. तो टायरच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवून बघे, बाजू चिमटीत धरून दाबून बघे, आणि मग म्हणे, "टायर वाट बघून घ्यायचा. मऊ रबर दगडाला धरून ठेवतं, पण जड पळतं. कडक रबर वाऱ्यासारखं पळतं, पण ओल्या दगडावर साबणासारखं सुटतं. आतलं कापड पातळ असलं तर टायर हलका, पण दगड त्याला चिरतो. जाड असलं तर वजन वाढतं, पण दगडाचं काही चालत नाही."

हैबतीची मुलगी रेणू. तीही ह्याच उतारावर सायकल शिकली. दोन वर्षं ती शर्यतीत दुसरी आली होती. पहिल्या नंबराला जिल्ह्याच्या संघात जागा मिळायची. दुसऱ्याला टाळ्या मिळायच्या.

यंदा हैबतीनं तिच्या सायकलला स्वतः टायर चढवले. पुढे अगदी मऊ रबराचा, कारण पुढचं चाक सुटलं की माणूस सावरत नाही. मागे थोडा कडक. दोन्हींचं कापड जाड, दुपदरी.

रेणूनं सायकल उचलून पाहिली. "अण्णा, केवढी जड केलीत!"

"जड चालतं. फाटलेलं चालत नाही," हैबती म्हणाला.

यंदा आपली पोरगी पहिली येणार, असं त्याला वाटू लागलं होतं. इतक्यात बातमी आली, की उसाच्या मुलखातला निवास नावाचा पोरगा शर्यतीला येतोय. त्या बाजूच्या सगळ्या शर्यती त्यानं जिंकल्या होत्या. हैबती येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्याबद्दल विचारू लागला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी उन्हं कलताना निवास गावात पोचला. वाटेत त्याची एसटी बंद पडली होती. सरावाची वेळ संपून गेली होती आणि उताराची वाट दोर लावून बंद केली होती. तो सायकल घेऊन सरळ हैबतीच्या दुकानात आला. विशीतला, हसतमुख पोरगा. त्यानं घरच्या गुळाची ढेप दुकानाच्या फळीवर ठेवली आणि वाकून नमस्कार केला.

"मामा, तुमचं नाव लई ऐकलंय. मला वाट बघायला मिळाली नाही. जरा माझी सायकल बघता का?"

हैबतीनं सायकल उलटी केली. सवयीनं त्याचा हात टायरवर गेला. नख रुतेना. रबर खडखडीत कडक होतं. त्यानं बाजू दाबली. कापड इतकं पातळ, की चिमटीत पलीकडचं बोट जाणवलं. कालव्याच्या काठच्या कोरड्या, सपाट वाटेला असा टायर फार चांगला. काळ्या कातळावर तो एक क्षणही टिकला नसता.

हैबतीनं हात मागे घेतला. मागे रेणू साखळीला तेल देत बसली होती. हैबतीला फक्त तिची पाठ दिसत होती.

"टायर बरे आहेत ना, मामा?" निवासनं विचारलं.

"नवे कोरे आहेत," हैबती म्हणाला.

ते खरं होतं.

निवासची नजर खुंटीवर टांगलेल्या जाड टायरांच्या जोडीवर गेली. "आणि हे कसले?"

"ते फार जड असतात," हैबती म्हणाला.

तेही खरं होतं.

"मग राहू देत," निवास हसला. "हवा तेवढी बघा."

हैबतीनं हवा भरली. अगदी बरोबर भरली. निवासनं पुन्हा वाकून नमस्कार केला आणि तो निश्चिंत मनानं निघून गेला. गावातल्या सगळ्यात जाणत्या माणसानं त्याची सायकल तपासली होती.

हैबती मनाशी म्हणाला, 'मी एक शब्द खोटा बोललो नाही.' संध्याकाळपर्यंत हे वाक्य तो मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. एकदा म्हणून भागत नव्हतं.

सकाळी डोंगरावर धुकं उतरलं. प्रत्येक अवघड वळणावर एकेक झेंडेवाला उभा राहायचा. काळ्या कातळाचं वळण दर वर्षी हैबतीकडे असे. नियम साधा होता. वाटेत कुणी पडला तर लाल झेंडा दाखवायचा, म्हणजे मागून येणारा थांबे. त्याला नंतर पुन्हा उतरायला मिळे. पण कुणी पडलेलं नसताना झेंडा दाखवला, तर सगळ्या पंचांसमोर त्याचं कारण सांगावं लागे.

हैबती झेंडा घेऊन कातळापाशी आला. त्यानं कातळावर पाय ठेवला आणि त्याची चप्पल सटकली. तो दाणकन गुडघ्यावर बसला. रात्रीच्या दवानं कातळ रोजच्यापेक्षा जास्त ओला झाला होता. त्याचा हात कडेच्या करवंदीच्या जाळीला लागला म्हणून तो थांबला. जाळीच्या पलीकडे जमीन नव्हती. नुसतं पांढरं धुकं होतं.

काल दुकानात त्यानं विचार केला होता तो एवढाच, की निवास हरेल. आता गुडघ्यावर बसल्या बसल्या त्याला दिसलं, की निवास मरेल.

वर जाऊन सांगावं म्हणून तो उठला. चार पावलं चढला, तेवढ्यात माथ्यावरून शिट्टी ऐकू आली. शर्यत सुरू झाली होती. आता झेंडेवाल्याला जागा सोडता येत नव्हती; तो परत कातळापाशी आला.

पहिला आला. कातळावर हळू झाला, पाय टेकत उतरला. दुसरा आला. तिसऱ्याचं मागचं चाक झोकांडी खाऊन गेलं, पण तो सावरला. हे सगळे आसपासचे होते. त्यांना वाट माहीत होती. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरला होता. रेणू शेवटून दुसरी होती आणि सगळ्यात शेवटी निवास.

मग रेणू आली. दगडांवर तिचे टायर धडधडत आले, पण फाटले नाहीत. कातळावर पुढचं चाक घट्ट धरून राहिलं. वाऱ्याच्या झोतासारखी ती हैबतीजवळून गेली. इतकी सुंदर ती आजवर कधीच उतरली नव्हती. हैबतीचा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी वर शिट्टी वाजली.

निवास सुटला.

हैबती झेंड्याची काठी धरून उभा राहिला. 'हळू येईल,' त्याला वाटलं. पण हळू कशाला येईल? वाट त्याला ठाऊक नव्हती. 'पडला तर खरचटेल, एवढंच.' पण समोर दरी होती. 'झेंडा दाखवला तर पंच विचारतील. सगळं गाव असेल. रेणू असेल. काय सांगू?'

वरच्या मुरमावर चाकांची सरसर ऐकू येऊ लागली. निवास पूर्ण वेगात येत होता. अशा वेगानं त्या वाटेवर आजवर कुणीच आलं नव्हतं.

हैबतीचे पाय हलेनात. सरसर जवळ आली. आणि मग, विचार संपायच्या आतच, त्याचे पाय धावू लागले. तो दगडांच्या पट्ट्यातून ठेचकाळत वर पळाला. झेंडा डोक्यावर फिरवत तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "थांब! निवास, थांब! ब्रेक मार!"

धुक्यातून निवास एकदम समोर आला. त्यानं झेंडा पाहिला, दोन्ही ब्रेक दाबले. कडक रबर दगडांवरून फरफटत गेलं. फाट् असा आवाज झाला. पुढच्या टायरची बाजू लांबच लांब चिरली होती. सायकल आडवी झाली आणि निवासला घेऊन घसरत कातळावर गेली.

हैबतीनं झेंडा टाकून अंग झोकून दिलं. त्याच्या हाती निवासच्या सदऱ्याची पाठ लागली. दोघेही घसरू लागले. हैबतीनं दुसऱ्या हातानं करवंदीचा बुंधा धरला. काटे तळव्यात रुतले. निवासचे पाय कडेच्या बाहेर गेले आणि तिथेच दोघे थांबले.

सायकल थांबली नाही. ती कडेवरून खाली गेली. तिचा आवाज किती तरी वेळ येत राहिला.

हैबतीनं ओढून, खेचून निवासला वर घेतलं. निवासचं मनगट वाकडं झालं होतं. धाप जरा बसल्यावर त्यानं विचारलं, "मामा, कोण पडलंय? झेंडा कुणासाठी दाखवला?"

"कुणी पडलं नव्हतं. तू पडणार होतास."

"तुम्हाला कसं कळलं?"

हैबतीला अजूनही एखादं खरं उत्तर सापडलं असतं. धुकं होतं, कातळ ओला होता, असं काहीही सांगता आलं असतं. त्यानं मान खाली घातली.

"काल तुझ्या टायरला हात लावला, तेव्हाच कळलं होतं."

निवास त्याच्याकडे बघत राहिला. मग दुखरा हात छातीशी धरून तो कातळाच्या कडेकडेनं बसत, सरकत, एकटाच खाली निघाला. आधाराला पुढे केलेला हैबतीचा हात त्यानं धरला नाही.

खाली नदीकाठी सगळं गाव जमलं होतं. पंचांनी विचारण्याआधीच हैबती पुढे झाला. कालपासूनचं सगळं त्यानं सांगितलं. काय बोललो ते सांगितलं, आणि काय बोललो नाही तेही सांगितलं. हैबतीच्या तळव्यातून रक्त गळत होतं, तिकडे कुणी पाहिलं नाही.

पंचांनी आपसात विचार केला. रेणूनं नियम मोडला नव्हता. तिला काही माहीत नव्हतं. निवासला पुन्हा उतरायचा हक्क होता, पण त्याला ना सायकल उरली होती, ना धड हात. शर्यत पुन्हा घ्यायची तर बाकीच्या सगळ्यांवर अन्याय झाला असता. पंचांनी निकाल सांगितला. सगळ्यात कमी वेळ रेणूचा. रेणू पहिली.

टाळ्या वाजल्या, पण दर वर्षी दुसऱ्या नंबराला मिळतात त्यापेक्षाही कमी. रेणूनं पदक घेतलं. ती आधी निवासपाशी गेली. त्याचं मनगट बांधून झालं होतं. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी त्याला दिलं.

"छान उतरलीस म्हणे," निवास म्हणाला. "मला बघायचं होतं."

तिनं बाटली त्याच्यापाशीच ठेवली. बापलेक सायकल हातात धरून घाट चढू लागले. निम्मी वाट झाली तरी रेणू गप्पच होती. शेवटी हैबतीला राहवलं नाही.

"बोल ना गं काहीतरी. शिव्या दे पाहिजे तर. पण तू पहिली आलीस, पोरी. ते तर कुणी काढून घेतलेलं नाही."

रेणू थांबली. तिचे डोळे भरून आले होते.

"तुम्ही घेतलंत, अण्णा," ती म्हणाली. "मी आज जशी उतरले ना, तशी कधीच उतरले नव्हते. कदाचित मी त्याला हरवलंही असतं. पण ते आता मला कधीच कळणार नाही."

ती पुढे चालू लागली. हैबती तिथेच उभा राहिला.

तात्पर्य: जे सांगायला हवं तेवढंच सोडून बाकी सगळं खरं सांगणं, हेही खोटंच. ठाऊक असलेला धोका जो लपवतो, तो परक्याचा जीव तर पणाला लावतोच, पण ज्या आपल्या माणसासाठी तो लपवतो, त्याचं यशही कायमचं नासवून ठेवतो.