सात दिवसांची चूल

खूप खूप पूर्वी, म्हणजे आपल्या आजोबांचे आजोबा पाळण्यात पडून अंगठा चोखत होते ना, त्याच्याही आधी, डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं.

गावाचा एक कायदा होता. बाहेरून आलेल्या कुणालाही तिथं घर बांधायला जागा मिळायची. फुकट! फक्त माळावर तीन दगड मांडायचे, चूल पेटवायची आणि ती सात दिवस विझू द्यायची नाही. विझली, की परत पहिल्यापासून. तीनदा विझली, की गाठोडं उचलायचं आणि वेशीबाहेर व्हायचं.

गावाला या कायद्याचा भारी गर्व. "आमच्याकडं सगळ्यांना एकच माप," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. न विचारता सांगायचे.

एकदा थंडीच्या तोंडावर धुरपा नावाची बाई गावात आली. काखेत तान्हा, पदराला धरून पाच वर्षांची गंगी. नवरा तापानं गेला होता, आणि तेरावं उरकताच दिरांनी तिला पोरांसकट घराबाहेर काढलं होतं. तेव्हापासून तिघं आज या झाडाखाली, उद्या त्या पारावर.

धुरपानं कायदा ऐकला आणि तिचे डोळे भरून आले. "सात दिवस? अहो, सात वर्षं पेटती ठेवीन," ती म्हणाली आणि तिनं दगड मांडले.

दुसऱ्याच दिवशी ती पाण्याला गेली. नदी लांब, काखेत पोर. परत येते तो वाऱ्यानं चूल गार.

"अरेरे!" गाव म्हणालं. त्या गावात अरेरे फार स्वस्त होतं. कुणीही उठायचं आणि ओंजळभर देऊन जायचं.

तिनं परत चूल पेटवली. रात्री काही अडत नव्हतं, निखारे राखेत झाकले की सकाळपर्यंत टिकायचे. अडायचं दिवसा. चौथ्या दिवशी पीठ संपलं. धुरपा कुणाच्या तरी शेतात खुरपायला गेली आणि गंगीला चुलीपाशी बसवलं. गंगीनं जीव लावून काम केलं. इतका जीव लावला, की ओल्या गोवऱ्यांचा ढीगच चुलीत कोंबला. धूर ढगापर्यंत गेला, आग मात्र मेली.

"अरेरे!" गाव परत म्हणालं.

पाटील आले. पाटलांच्या मिशा आधी यायच्या, मग दोन पावलं मागून पाटील. ते म्हणाले, "बाई, आता एकदाच. मला वाईट वाटतं, पण कायदा म्हणजे कायदा. आमच्या वडलांनीबी असंच घर मिळवलं."

धुरपानं तिसऱ्यांदा चूल पेटवली आणि ठरवलं, आता उठायचंच नाही.

पहिला दिवस ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी मडक्यातलं पाणी संपलं. तिसऱ्या दिवशी तान्हा रडून रडून गप्प झाला. रडणारं पोर परवडतं हो, असं गप्प झालेलं पोर बघवत नाही. धुरपा एकदा पोराकडं बघायची, एकदा आगीकडं. उठावं तर घर जातं. बसावं तर पोर जातं.

तेवढ्यात कोंडाबाई आली. ही गावची भडभुंजीण. चुरमुरे-फुटाणे भाजण्यात उभा जन्म गेला, म्हणून तिची जीभही भट्टीसारखीच तापलेली. तिनं येऊन धुरपाच्या हातातली फुंकणी ओढून घेतली.

"ऊठ. माझ्या घरी जा, पाणी पी, भाकर खा, पोराला पाज. ही आग मी बघते."

"पण मावशी, कायदा..."

"कायद्याला मी बघते. तू जा!"

झालं. पाटलांच्या मिशा धावत आल्या. "कोंडाकाकी, हे चालायचं नाही! ज्याची चूल त्यानंच राखायची."

"अस्सं?" कोंडाबाई फुंकता फुंकता म्हणाली. "तुझ्या बापानं चूल मांडली तेव्हा सरपण कोण आणत होतं?"

"बाप," पाटील म्हणाले.

"पाणी? दाणे?"

"बापच."

"मग सात दिवस चुलीपुढं कोण बसलं होतं?"

पाटील मिशीला पीळ द्यायला लागले.

"तुझी आई, दुसरं कोण! माझ्या डोळ्यांदेखत. अरे पाटला, तुमचा कायदा दोघांच्या मापाचा शिवलाय आणि घालताय एकटीच्या अंगात. वर म्हणताय, बाई, तुला नीट चालता येत नाही!"

सगळं गाव ऐकत होतं. पण या वेळी कुणी अरेरे म्हटलं नाही. एक धनगर उठला आणि सरपणाची मोळी आणून टाकली. कोष्ट्याच्या सुनेनं पाण्याची घागर आणली. कुणी सकाळी बसलं, कुणी दुपारी. पाटलांनाही पाळी चुकली नाही. ते फुंकायला वाकले, राख उडाली आणि काळ्याभोर मिशा एका फुंकरीत पांढऱ्या झाल्या. धुरपा कितीतरी महिन्यांनी हसली. आईला हसताना बघून गंगी टाळ्या पिटायला लागली.

सातव्या दिवशी सूर्य मावळला आणि चूल जळतच होती. पाटलांनी स्वतः जागेला खुंट्या ठोकल्या. दहा दिवसांत गावानं भिंती उभ्या केल्या, छप्पर घातलं.

धुरपा कोंडाबाईच्या पाया पडायला वाकली. "मावशी, हे उपकार मी कसे फेडू?"

"पायाशी वाकलीच आहेस तर जरा दाबून दे," कोंडाबाई म्हणाली. "गुडघे लई दुखतात."

धुरपानं पाय दाबले. दाबता दाबता तिचे डोळे गळत होते, आणि म्हातारी बघूनही न बघितल्यासारखं करत होती.

त्या वर्षापासून गावानं कायद्याला एक ओळ जोडली: एकटं माणूस चूल मांडेल, तर फुंकायला गाव बसेल. पुढच्या हिवाळ्यात दोन लेकरांची अशीच एक आई माळावर आली. तिनं तीन दगड मांडले न मांडले, तोच तिच्या शेजारी फुंकणी घेऊन धुरपा येऊन बसली होती.

तात्पर्य: एकट्या आईला हळहळ देऊन घर मिळत नाही, तिच्या चुलीपाशी आपण बसलो तर मिळतं.