ठिपक्याला थेंब मिळेना

चिकूचं झाड होतं. झाडाच्या मुळाशी एक भोक होतं. भोकात इवली मुंगी राहायची. आणि तिचा धाकटा भाऊ, ठिपका.

त्यांना आई नव्हती.

रोज दुपारी रेवू नावाची मुलगी झाडाखाली यायची. चिकू खायची. रस सांडायचा. टप! तो थेंब इवलीचा आणि ठिपक्याचा.

एक दिवस रेवूने रसाचं खोकं आणलं. खोक्यावर चिकूचं चित्र. सुर्रर्र सुर्रर्र! ठिपक्याने खोक्याचा थेंब चाटला. गोडच गोड! पोट दुखलं. ठिपका आडवा झाला. दुसऱ्या दिवशीही उठला नाही.

"ताई, चिकूचा थेंब दे ना," तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

इवली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"रेवू रेवू, चिकू खा. ठिपक्याला थेंब मिळेना."

"नाही खात. खोक्यात पण चिकूच आहे. आईने खोकं वाचलं, तर बघेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

इवली रेवूच्या आईपाशी आली. "काकू काकू, खोकं वाच. रेवू खाईना, ठिपक्याला थेंब मिळेना."

"अक्षरं फार बारीक गं. चष्मा मनीमांजरीच्या पोटाखाली. मनी उठली, तर वाचीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"मनी मनी, ऊठ. काकू वाचेना, रेवू खाईना, ठिपक्याला थेंब मिळेना."

"म्याव! दूध मिळालं, तर उठीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"गाई गाई, दूध दे. मनी उठेना, काकू वाचेना, रेवू खाईना, ठिपक्याला थेंब मिळेना."

"हम्मा! गवत हिरवं झालं, तर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"गवता गवता, हिरवं हो. गाय दूध देईना, मनी उठेना, काकू वाचेना, रेवू खाईना, ठिपक्याला थेंब मिळेना."

"पाणी मिळालं, तर होईन."

इवलीचे पाय दुखले. तुरु... तुरु...

"माठा माठा, पाणी दे. गवत हिरवं होईना, गाय दूध देईना, मनी उठेना, काकू वाचेना, रेवू खाईना, ठिपक्याला..."

पुढे बोलताच येईना.

माठाने काहीच मागितलं नाही. तो कलंडला. बदाबद बदाबद!

गवत हिरवं झालं. गाईने दूध दिलं. मनी उठली. काकूला चष्मा मिळाला.

काकूने खोकं डोळ्यांजवळ नेलं.

"बापरे, किती साखर! आणि खाली काय लिहिलंय? वरून घातलेली साखर. अगं बाई! जवळजवळ सगळीच वरून घातलेली!"

"चिकूत साखर नसते?" रेवूने विचारलं.

"असते ना. ती चिकूची स्वतःची. झाडावरच तयार झालेली. ही कारखान्यात घातली."

रेवूने खोकं खाली ठेवलं. झाडाखाली गेली. चिकू फोडला. टप!

इवलीने थेंब उचलला. हळू हळू, हळू हळू.

ठिपका निजला होता.

"ठिपक्या?"

हलला नाही.

"ठिपक्या!"

एक मिशी हलली. इवलीने थेंब त्याच्या तोंडाशी धरला. ठिपक्याने चाटला. थोडासाच. मग डोळे उघडले.

"ताई, तू काय खाल्लंस?"

इवलीने काहीच खाल्लं नव्हतं.

ठिपक्याने उरलेला थेंब तिच्यापुढे सरकवला. आणि इवली रडली. खूप खूप रडली. ठिपका तिला टेकून बसून राहिला.