न दिलेला चेंडू

"...मग अवघड खेळ कोणता, मास्तर? पूल की गोल्फ? आज एकदाचं सांगूनच टाका."

नाझरे मास्तर टेबलाच्या हिरव्या कापडावर ब्रश फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी ती ढाल उचल तिथून. कापडावर वळ उठेल."

श्रीरंगनं ढाल उचलून बाकावर ठेवली. ठेवताना तिची अक्षरं मास्तरांच्या दिशेला येतील अशी ठेवली. एवढ्या सकाळी जिमखान्याच्या त्या खोलीत तिसरं कुणी नव्हतं, पण जिंकलेल्या माणसाला एक प्रेक्षकही पुरतो.

नाझरे मास्तरांनी आयुष्यभर दोन्ही खेळ शिकवले होते. सकाळी मागच्या माळावर गोल्फ, दुपारनंतर या खोलीत पूल. गुडघे गेले तसा माळ सुटला, टेबल राहिलं. ताम्हनकरांचे दोघेही भाऊ त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. थोरला भालचंद्र मोकळ्या हवेचा, तो गोल्फकडे गेला. धाकटा श्रीरंग या टेबलाला चिकटला आणि पुढं जिल्ह्यात त्याला हरवणारा उरला नाही.

तेव्हापासून त्या घरात एक वाद कायमचा मुक्कामाला आला होता. अवघड काय, पूल की गोल्फ? जेवताना सुरू व्हायचा आणि हात वाळेपर्यंत चालायचा. वहिनी वैतागून म्हणायच्या, "आता ताटं तरी उचलू द्या." शेवटी श्रीरंगनं वाद मिटवायचा मार्ग काढला. तो स्वतःच गोल्फ शिकला. काल जिमखान्याच्या स्पर्धेत त्यानं अंतिम सामना जिंकला होता. समोर भालचंद्र होता.

"दादाला हरवलं मी," श्रीरंग म्हणाला.

"कळलं."

"त्याच्याच खेळात."

"तेही कळलं."

एवढ्यावर श्रीरंगचं समाधान होण्यासारखं नव्हतं. त्याला कौतुक हवं होतं, आणि कौतुकापेक्षा जास्त हवा होता निकाल. मास्तरांच्या तोंडचा निकाल दादाला मान्य करावाच लागला असता.

"दादा कालपासून बोलत नाहीये," तो म्हणाला. "अभिनंदन केलं, घरी आला, खोलीत गेला. जेवायलाही बाहेर आला नाही. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? म्हणून म्हटलं, तुम्ही सांगा. पूल अवघड असं तुम्ही म्हणालात की त्यालाही पटेल. पूलवाला गोल्फ जिंकू शकतो, पण गोल्फवाल्याला..."

"तुला काय वाटतं?"

हा प्रश्न यायचीच तो वाट बघत होता.

"पूलच. त्यात काय विचारायचं? इथं एक फटका चुकला की संपलं. गपचूप त्या खुर्चीवर जाऊन बसायचं आणि समोरचा एकेक बॉल घालत टेबल रिकामं करतोय ते बघायचं. हातात क्यूची काठी असून काही करता येत नाही. खरं प्रेशर ते. गोल्फमध्ये तुमच्या चेंडूला दुसरं कुणी हातही लावत नाही. मारा, चाला, हवा खा, पुन्हा मारा."

"चुकलं तर?"

"तरी चाला. उलट बरंच, तेवढा वेळ मिळतो."

"कशाला?"

"सावरायला."

मास्तरांनी ब्रश बाजूला ठेवला.

"चुकीला बरोबर घेऊन माळभर चालायचं... तू त्याला हवा खाणं म्हणतोस."

"दादा अगदी हेच म्हणतो!" श्रीरंग हसला. "तुम्ही त्याच्या बाजूचे निघालात."

मास्तर हसले नाहीत. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिथून माळाचा एक तुकडा दिसायचा.

"शेवटचा होल सांग," ते म्हणाले.

श्रीरंग खुलला. रात्रीपासून त्यानं हा होल ज्याला त्याला सांगितला होता आणि दर वेळी तो थोडा रंगत गेला होता.

"बरोबरीत होतो. माझा चेंडू लांब होता, पण पहिल्याच फटक्यात आत गेला. टाळ्या पडल्या. दादाचा राहिला होलच्या तोंडाशी. हा एवढा, वीतभर. तो आत गेला असता तर पुन्हा बरोबरी आणि आणखी एक जादा होल."

"वीतभर."

"फार तर दीड वीत."

"मग दिलास का?"

श्रीरंगनं मान फिरवली. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

गोल्फ खेळणाऱ्यांची ती जुनी रीत. समोरच्याचा चेंडू होलच्या इतका जवळ असला की आपण म्हणायचं, 'दिला'. मग त्यानं मारायचं नाही. वाकायचं, चेंडू उचलायचा, झाला म्हणायचं. मागायचा नसतो, आणि न दिल्याबद्दल तक्रारही करायची नसते.

"भालचंद्रानं तुला दिले होते का काल?"

"दिले की. त्याची सवयच आहे ती. मी चेंडूजवळ पोचायच्या आत 'दिला रे' म्हणून पुढं चालायला लागतो. मी काही मागितले नव्हते."

"आणि तू?"

"मास्तर, पूलमध्ये देतं का कुणी?" श्रीरंगचा आवाज चढला. "काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी लटकत असला तरी मारावाच लागतो. तो पडेपर्यंत गेम संपत नाही. समोरचा कुणीही असो, सख्खा भाऊ असो. हे तुम्हीच शिकवलंत."

मास्तर खिडकीपासून वळले.

"हो," ते म्हणाले. "मीच शिकवलं."

ते अशा आवाजात म्हणाले की श्रीरंगला उगाच वाईट वाटलं. आपण जिंकल्याची गोष्ट सांगायला आलोय आणि मास्तर दुखवट्याला बसल्यासारखे का दिसतायत, हे त्याला कळेना.

"पुढं?"

"पुढं काय... दादा थांबला थोडा. माझ्याकडं बघितलं. मी झेंड्याकडं बघत होतो. मग तो चेंडूपाशी गेला. उभा राहिला, बाजूला झाला, पुन्हा उभा राहिला. एवढ्याशा फटक्याला इतका वेळ! आणि मारला तो चक्क होलच्या शेजारून. सगळे थक्क झाले. मीच म्हटलं, 'दादा, प्रेशर!' मग सगळे हसले."

"भालचंद्र?"

"तोही हसला. तोच जास्त हसला."

"हात मिळवलास?"

"मिळवला ना. म्हणजे... डावा दिला त्यानं. उजवा खिशात होता."

मास्तरांनी मान डोलावली. मग ते टेबलाशी आले. खणातून काळा बॉल काढला आणि कोपऱ्यातल्या पॉकेटच्या अगदी तोंडाशी ठेवला. पांढरा त्याच्यासमोर, सरळ रेषेत. भिंतीवरची क्यू काढून त्यांनी श्रीरंगच्या हातात दिली.

"मार."

"हा?" श्रीरंगला गंमत वाटली. "हा डोळे मिटून जाईल."

"डोळे उघडे ठेव. मार."

श्रीरंग वाकला. डाव्या हाताचा आधार टेबलावर टेकला, नेम धरला. तेवढ्यात मास्तर त्याच्या मागं आले आणि त्यांनी क्यूचं मागचं टोक आपल्या मुठीत धरलं. घट्ट नाही. धरलं आणि हलवायला लागले. हळूहळू, बारीक बारीक, न थांबता. पुढचं टोक पांढऱ्या बॉलसमोर थरथरायला लागलं.

"मास्तर, हलवू नका."

"मार."

"अहो, पण..."

"वीतभर आहे. मार."

श्रीरंगनं दात आवळले आणि मारला. पांढरा भलतीकडेच गेला. काळा जागचा हलला नाही.

"पुन्हा."

पुन्हा तेच झालं. या वेळी पांढराच दुसऱ्या पॉकेटमध्ये जाऊन पडला. श्रीरंगला आता गंमत वाटेनाशी झाली होती. हात त्याचा, नेम त्याचा, खेळ त्याचा, आणि लहान पोरानं घालावा असा बॉल जात नव्हता. त्याला चीड आली. चिडीपेक्षा लाज जास्त वाटली, बघणारं कुणी नसतानाही.

"सोडा ना, मास्तर! असं हलत असताना कुणाला घालता येईल?"

मास्तरांनी मूठ उघडली. क्यू स्थिर झाली.

"सोडलं," ते म्हणाले. "मला सोडता येतं."

श्रीरंग वाकलेलाच राहिला. त्याला काहीतरी समजत होतं आणि ते समजायला नको होतं. खिशातला उजवा हात... तो कालच खिशात गेलेला नव्हता. गेले कित्येक महिने दादाचा हात खिशातच असायचा. फोन आला तर डाव्या हातानं घ्यायचा. सगळ्यांचं उरकल्यावर एकटा जेवायला बसायचा. वहिनी तेव्हा स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. श्रीरंग मनात म्हणायचा, दादाला वयाबरोबर तोरा चढलाय. दादाचा खेळ उतरला तेव्हा त्याला वाटलं, आपला चढला.

"मास्तर..."

"दिवाळीच्या आधी आला होता. तू बसतोस त्याच बाकावर बसला," मास्तर म्हणाले. "म्हणाला, कंपवात आहे. डॉक्टर म्हणाले, सावकाश वाढेल, पण वाढतच जाईल. गोल्फचं हे शेवटचं वर्ष."

श्रीरंग सरळ उभा राहिला.

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगू नका, असं तोच म्हणाला."

"पण का?"

मास्तरांना हे बोलणं जड जात होतं. त्यांनी टेबलाच्या लाकडी कडेवर दोन्ही हात टेकले.

"म्हणाला, श्रीरंगला कळलं तर तो मुद्दाम हरेल. मला एकदा त्याच्याबरोबर शेवटच्या होलपर्यंत खरं खेळायचंय."

...

बाहेर माळावर कुणीतरी फटका मारला. त्याचा आवाज खोलीत आला आणि विरला.

श्रीरंगनं क्यू टेबलावर आडवी टाकली. एरवी मास्तरांनी यावरून कान धरला असता. तो बाकावर बसला आणि रडायला लागला. मोठ्या माणसाचं रडणं चांगलं दिसत नाही, त्याचंही दिसलं नाही. मास्तरांनी त्याला रडू दिलं. त्यांचेही डोळे कोरडे नव्हते. त्यांनीच दोघांच्या हाती खेळ दिला होता. एकाला द्यायला शिकवलं, दुसऱ्याला न द्यायला, आणि तेव्हा दोन्ही त्यांना बरोबर वाटलं होतं.

"मुद्दाम हरेन, असं वाटलं त्याला," श्रीरंग म्हणाला. "मी... आणि मी दीड वीत दिली नाही."

मास्तर नाही कसं म्हणणार?

"सगळ्यांसमोर हसलो. प्रेशर म्हणालो."

"हं."

"ही ढाल मी परत करतो. आत्ता जाऊन सेक्रेटरींना सांगतो."

"काय सांगशील? भाऊ आजारी होता?"

श्रीरंगची मान खाली गेली. दादानं जे इतके महिने खिशात लपवलं, ते आपण आता चारचौघांत काढून दाखवायला निघालो होतो, हे त्याच्या लक्षात आलं.

"मग दादाला देतो. त्याच्या हातात ठेवतो. म्हणतो, ही तुझीच."

"केवढी जड आहे ती, बघ एकदा उचलून."

श्रीरंगनं उचलली नाही. त्याला आठवत होतं, काल त्यालाही ती दोन्ही हातांनी धरावी लागली होती.

"माफी मागतो. पाय धरतो त्याचे."

"धर. मग तो तुला उठवेल. पाठीवर हात फिरवेल. म्हणेल, वेड्या, त्यात काय एवढं. तुझी समजूत काढता काढता त्याचा दिवस जाईल." मास्तर थांबले. "धाकटा आहेस. आजवर त्यानं तेच केलं."

श्रीरंगकडे आता काही उरलं नव्हतं. येताना दाराशी चपला भिरकावून आत आलेला माणूस तो हाच का, असं वाटावं इतका तो लहान होऊन बसला होता. त्यानं बाहीनं नाक पुसलं.

"घरी जायची भीती वाटते, मास्तर."

"वाटणारच."

"त्याच्यासमोर जाऊन उभं कसं राहू? काय बोलू?"

"बोलू नकोस."

"मग करू काय?"

मास्तरांनी काळा बॉल पॉकेटच्या तोंडापासून उचलला, पंच्यानं पुसला आणि खणात ठेवला. खण लावला. मग बाकाशी आले आणि श्रीरंगच्या शेजारी बसले. गुडघे दुखत होते, म्हणून बसायला त्यांना वेळ लागला. दोघंही समोरच्या रिकाम्या टेबलाकडं बघत राहिले.

"या वेळी भालचंद्र उठला असेल," मास्तर म्हणाले.

"हो. व्हरांड्यात बसला असेल."

"जा. आज त्याला चहा तू करून दे."

श्रीरंगनं त्यांच्याकडं पाहिलं.

"...आणि कप अर्धाच भर."