सरांच्या नाकावरची माशी

नागपूरच्या निवेदन वर्गात अग्निहोत्री सरांचा मोठा दरारा होता. चंद्रपूरहून आलेल्या रेवती गेडामला त्यांनी पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, "बाई, रेडिओ हे तुमचं काम नव्हे." आज शेवटची परीक्षा होती.

सर खुर्चीत ताठ बसले. "मी जराही हलणार नाही. करा माझं धावतं वर्णन. बघू काय सापडतं ते!"

रेवतीने माइक जवळ ओढला.

"श्रोतेहो, सर दगडासारखे स्थिर बसले आहेत. आता एक माशी त्यांच्या कपाळावर उतरली आहे. ती सावकाश नाकाच्या शेंड्याकडे निघाली आहे. तिथे थांबून ती आपले ओलसर पाय चोळते आहे..."

सरांचा हात फटकन नाकावर गेला. वर्गात हशा पिकला.

"कुठाय माशी?" सर गरजले. "साफ खोटं वर्णन आहे हे!"

"खोटं होतं, तर सर, तुम्ही हाकललंत कोणाला?"

सर स्वतःच खो खो हसू लागले. "उद्यापासून स्टुडिओत या," ते म्हणाले.

रेवतीने माइक बाजूला सरकवला. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.