चिचुंद्रीच्या दारात लठ्ठ गाडी

एक होतं गॅरेज. अरुंद. इतकं अरुंद, की झाडू आत ठेवला तर सायकल म्हणायची, "सरक की जरा!"

त्या गॅरेजच्या भिंतीत एक बीळ होतं. बिळाला एकच दार. बिळात राहायची चिचुंद्री. लांब लांब नाक. बारीक बारीक डोळे. आणि वास? शी! तिला स्वतःलाच यायचा. "मोगऱ्याचा नाही, कबूल," ती म्हणायची. "पण घरचा आहे!"

बिळात तिची तीन पिल्लं. इवली इवली, गुलाबी गुलाबी.

गॅरेज होतं हौसामावशीचं. हौसामावशीने घेतली नवी गाडी. घेण्याआधी मोजली बरं का! विती लावून मोजली. गॅरेज मोजलं मावशीने. मावशीचा हात बारका. भरल्या दहा विती. गाडी मोजली दगडूकाकांनी. काकांचा हात फावड्याएवढा. भरल्या आठ विती.

"दहातून आठ गेल्या, दोन उरल्या!" मावशी म्हणाली. "एक वीत इकडे, एक वीत तिकडे. ऐसपैस!"

मावशीची वीत लहान. काकांची वीत मोठी. पण वीत कुणी मोजलीच नाही!

गाडीची पूजा झाली. हार घातला. चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ फोडला. फट्! खोबऱ्याचा एक तुकडा उडाला, टुणकन फाटकापाशी पडला.

चिचुंद्रीचं नाक हललं. हुंग हुंग! "अहाहा! खोबरं! आत्ता गेले, आत्ता आले!"

तुरु तुरु तुरु. गेली.

तेवढ्यात मावशीने गाडी चालू केली. घुर्र घुर्र!

"येऊ दे!" काका म्हणाले. "येऊ दे! येऊ दे! अजून येऊ दे!"

खर्रर्र!

"बास!" काका म्हणाले.

आता काय बास! गाडी बसली भिंतीला चिकटून. काकांनी मावशीचा चेहरा पाहिला. "मी पेढे घेऊन येतो हं," म्हणाले, आणि सटकले.

तुरु तुरु तुरु. चिचुंद्री परत आली. बघते तर काय? दारच नाही! दारात चाक. काळं काळं, गोल गोल, हे एवढं चाक.

आतून आवाज आला, "चीं! चीं! चीं!"

चिचुंद्रीच्या तोंडातलं उरलेलं खोबरं पडलं. "अगं बाई! खोबऱ्यापायी धावले, हावरट कुठली! आणि बिळाला दार ठेवलं एक! माझ्यासारखी शहाणी मीच!"

मग शेपूट आपटून ती चाकाला म्हणाली,

"चाका चाका, बाजूला सर.
दार उघडेना,
पिल्लं माझी घरात!"

चाक म्हणालं, "मी नाही सरायचं! मला कुठे पाय आहेत? मावशी हलली तर मी सरेन."

तुरु तुरु तुरु. चिचुंद्री गेली मावशीकडे.

मावशी गाडीत बसलेली. दार उघडायचं बोटभर, आणि भिंतीवर आपटायचं. टक्! दार उघडायचं बोटभर. टक्! लोणच्याच्या बरणीत फोड बसते ना, तशी मावशी बसलेली.

"मावशी मावशी, जरा हल.
चाक सरेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी घरात!"

मावशी म्हणाली, "मी नाही हलायची! आणि बघतेस काय मेले? गाडी मोजली, गॅरेज मोजलं. माझं पोट मोजायचं राहिलं! गाडी मागे घ्यावी, तर आरसा भिंतीला घासतो. नवा कोरा आरसा! आरसा मिटला तर मी हलेन."

तुरु तुरु तुरु. चिचुंद्री गेली आरशाकडे.

"आरशा आरशा, पटकन मीट.
मावशी हलेना,
चाक सरेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी घरात!"

आरसा म्हणाला, "मी नाही मिटायचा! डोक्यावर चिमणी बसलीय. मिटलो तर तिचा पाय चिमटेल. चिमणी उडाली तर मी मिटेन."

चिमणी होती फार कामात. टक टक टक! आरशावर चोच मारत होती.

"चिमणे चिमणे, भुर्रकन उड.
आरसा मिटेना,
मावशी हलेना,
चाक सरेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी घरात!"

चिमणी म्हणाली, "मी नाही उडायची! ही बघ, आत एक चिमणी आहे. महाभांडखोर! मी एक चोच मारली, की ही पण एक मारते!"

"अगं, ती तूच आहेस," चिचुंद्री म्हणाली.

"मी? इतकी शेंबडी? चल, काहीतरीच! ते वर फडकं आहे ना, ते पडलं हिच्या तोंडावर, तर मी उडेन."

फडकं होतं वर, खिळ्याजवळ. चिचुंद्री भिंतीवर चढली. घसरली. ढुप्! परत चढली. परत ढुप्! "खोबरं कमी खायला हवं होतं," ती म्हणाली, आणि खालूनच ओरडली,

"फडक्या फडक्या, खाली पड.
चिमणी उडेना,
आरसा मिटेना,
मावशी हलेना,
चाक सरेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी घरात!"

फडकं म्हणालं, "मी नाही पडायचं! मी काल काकांचा बनियन होतो. आज गाडी पुसायचं फडकं झालो. अजून किती खाली पडू? शिवाय मला सुतळीने बांधलंय. सुतळी तुटली तर मी पडेन."

सुतळी खिळ्यावरून खाली आली होती. खालच्या कडीला बांधली होती. तुरु तुरु तुरु. चिचुंद्री गेली सुतळीकडे.

"सुतळे सुतळे, तटकन तूट.
फडकं पडेना,
चिमणी उडेना,
आरसा मिटेना,
मावशी हलेना,
चाक सरेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी घरात!"

सुतळी म्हणाली, "मी नाही तुटायची! ही गाठ काकांची. काकांची गाठ काकांनासुद्धा सुटत नाही. जा, टोकदार दातांचं कुणीतरी आण. कच्चकन चावलं तर मी तुटेन."

आतून आवाज आला, "चीं... चीं..."

आवाज बारीक झाला होता. पिल्लांना भूक लागली होती.

चिचुंद्री घाबरली. इकडे पळाली. तुरु तुरु! तिकडे पळाली. तुरु तुरु! "दात! टोकदार दात कुणाला आहेत?"

चाकाला दात आहेत? नाहीत.

आरशाला आहेत? नाहीत.

चिमणीला आहेत? छे! चिमणीला चोच.

मावशीला आहेत. पण मावशी बरणीत!

चिचुंद्रीला आलं रडू. तिने तोंड उघडलं. हे एवढं मोठं उघडलं. "आता मी दात कुठून आ..."

टोच!

जिभेला काहीतरी टोचलं.

तिने जीभ इकडे फिरवली. टोच! तिकडे फिरवली. टोच! टोच!

"हात्तिच्या!" चिचुंद्री म्हणाली. "दात तर माझ्याच तोंडात! आणि मी जगाला विचारत फिरते! एवढं लांब नाक, पण नाकाखालचं दिसलं नाही!"

तुरु तुरु तुरु धावली सुतळीकडे. डोळे मिटले. तोंड उघडलं.

कच्च! कच्च! कच्चकन!

सुतळी तुटली. तट्!

फडकं पडलं. भप्! पडलं ते थेट आरशावर.

"पळाली! भित्री कुठली!" चिमणी ओरडली. "मी जिंकले!" आणि छाती फुगवून चिमणी उडाली. भुर्रर्र!

आरसा मिटला. किर्र, टक्!

मावशी हलली. एकदाची हलली! घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. गाडी हळूहळू मागे गेली.

चाक सरलं. गुर्रक्!

दार उघडलं!

चिचुंद्री बिळात घुसली. "आले गं बाळांनो, आले! तुमची येडी आई आली!" तिन्ही पिल्लं तिला बिलगली. चुळुक चुळुक दूध प्यायली. पोटं झाली टम्म.

बाहेर अंगणात मावशी गाडीतून उतरली. "हुश्श! सुटले बाई!" फाटकातून काका आले. हातात पेढे.

"झाली का लावून गाडी?" काका म्हणाले.

"झाली की! अंगणात लावली," मावशी म्हणाली. "आता गॅरेजात तुम्ही राहा. आठ वितींची गाडी नाही मावली, तुम्ही तरी मावाल!"

"अगं, गॅरेज माझ्या वितींनी मोजलंस की तुझ्या?"

मावशीने स्वतःचा हात पाहिला. काकांचा हात पाहिला. मग आपला हात कपाळाला लावला. "अरे देवा! आपण दोघं म्हणजे!" ती हसली. काका हसले. दोघं इतकी हसली, की पेढे सांडले.

तेवढ्यात बिळाच्या दारातून एक लांब नाक बाहेर आलं. "या दारात काही खरं नाही," चिचुंद्री म्हणाली. "आपण नवं घर बघू. दोन दारांचं! धरा रे शेपट्या!"

पहिल्या पिल्लाने धरली आईची शेपटी.

दुसऱ्याने धरली पहिल्याची.

तिसऱ्याने धरली दुसऱ्याची.

तुरु तुरु तुरु तुरु. मावशीच्या पायांजवळून गेली. काकांच्या चपलेजवळून गेली. लठ्ठ गाडीच्या खालून गेली. कुठे घासली नाही, कुठे अडकली नाही.

"बघा बघा!" मावशी म्हणाली. "याला म्हणतात गाडी चालवणं!"

चिचुंद्रीने मागे वळूनही पाहिलं नाही. पण नाक मात्र तिने चांगलं वीतभर वर केलं. तिची स्वतःची वीत हं!

ही गोष्ट आता इथेच लावली. दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडून.